लॅबमध्ये चालतो, घरी अडतो: एकच सी प्रोग्रॅम दोन कॉम्प्युटरवर वेगळा वागत असेल तर काय तपासावं

सोलापुरात सी शिकणाऱ्या मुलांची नेहमीची परिस्थिती अशी असते. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी++, हॉस्टेलवरच्या सेकंडहँड लॅपटॉपमध्ये डेव्ह-सी++, बार्शी-पंढरपूरला घरी कोणीतरी टाकून दिलेलं कोडब्लॉक्स, आणि बसमध्ये मोबाईलवरचं एखादं ॲप. प्रोग्रॅम तोच, पण एका ठिकाणी बिनबोभाट चालतो, दुसरीकडे वीस एरर देतो आणि तिसरीकडे एररही न देता चुकीचं उत्तर काढतो.

अशा वेळी बहुतेक जण कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकतात. तो खालच्या यादीतला जवळपास शेवटचा उपाय आहे. दोष कंपायलरमध्ये फार क्वचित असतो. सी भाषेने ज्या गोष्टीची हमी कधी दिलीच नाही, तिच्यावर प्रोग्रॅम विसंबलेला असतो. एका मशीनवर ते खपून जातं, दुसऱ्यावर खपत नाही.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत, स्मॉल लेटरमध्ये करायच्या. अपवाद: '-वॉल' आणि '-डब्ल्यूएक्स्ट्रा' मधला डब्ल्यू आणि '-ओ२' मधला ओ कॅपिटल.)

लक्षणं

आपली तक्रार यांपैकी कोणती, ते आधी ठरवा.

- कंपाइलच होत नाही: 'कोनिओ डॉट एच सापडत नाही', 'आयओस्ट्रीम डॉट एच सापडत नाही', 'स्ट्रे \३४२ इन प्रोग्रॅम'.
- 'जीसीसी इज नॉट रेकग्नाइज्ड' (जीसीसी हा एक कंपायलर) असं येतं, किंवा नवा कंपायलर टाकूनही एरर जुनेच येतात.
- कंपाइल होतं, पण उत्तर वेगळं येतं. बेरीज उणे दाखवते, १५३ आर्मस्ट्राँग (अंकांच्या घनांची बेरीज तीच संख्या) नाही म्हणते, फॅक्टोरियल १२ च्या पुढे बिघडतं.
- चालता चालता बंद पडतं. कोडब्लॉक्स 'प्रोसेस रिटर्न्ड -१०७३७४१८१९' किंवा '-१०७३७४१५७१' दाखवतं.
- आपल्याकडे चालतं, पण तीच ईएक्सई मित्राच्या लॅपटॉपवर डीएलएल (प्रोग्रॅमला चालताना लागणारी वेगळी फाईल) मागते.
- तोच प्रोग्रॅम काही न बदलता कंपाइल केला तरी दर वेळी वेगळ्या ओळीवर 'इंटरनल कंपायलर एरर' येतो. हे लक्षण बाकीच्यांहून वेगळं आहे. त्याच्यासाठी थेट हार्डवेअरच्या भागाकडे जा.

१. फाईल खरंच तीच आहे का?

पैसे शून्य, वेळ दोन मिनिटं, आणि बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

प्रोग्रॅम व्हॉट्सॲपवरून, पीडीएफमधून किंवा वर्डमधून कॉपी केला असेल तर सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वाकडी, छापील अवतरणचिन्हं येतात. डोळ्याला फरक कळत नाही, कंपायलरला कळतो. ते चिन्ह म्हणजे तीन बाइट असतात, म्हणून एररमध्ये \३४२, \२००, \२३४ असे तीन आकडे एकामागोमाग दिसतात. हे आकडे दिसले की दुसरं काही शोधू नका. त्या ओळीतली सगळी अवतरणचिन्हं खोडून कीबोर्डवरून पुन्हा टाइप करा. \३०२ आणि \२४० ही जोडी आली तर कॉपी करताना वेगळ्या जातीची मोकळी जागा घुसलेली असते. ओळीच्या सुरुवातीची जागा खोडून पुन्हा स्पेस द्या.

मग फाईलचं शेपूट पाहा: डॉट सी की डॉट सीपीपी? डेव्ह-सी++ आपणहून डॉट सीपीपी सुचवतं आणि घाईत तेच सेव्ह होतं. मग सीचा प्रोग्रॅम सी++ म्हणून कंपाइल होतो. मॅलॉकचं उत्तर कास्ट न करता पॉइंटरमध्ये ठेवलं तर सीला ते मान्य आहे, पण सी++ 'इनव्हॅलिड कन्व्हर्जन' म्हणून अडवतं. लॅबमध्ये फाईल डॉट सी आणि घरी डॉट सीपीपी असेल तर तुम्ही दोन वेगळ्या भाषा तपासत बसला आहात.

पेनड्राइव्हवरून विंडोजची फाईल लिनक्सवर नेली असेल तर हेडर फाईलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल जुळतं का ते पाहा. विंडोज त्यात भेद करत नाही, लिनक्स करतं. फोल्डरचं नाव मराठीत असेल किंवा त्यात मोकळ्या जागा असतील, तर मिनजीडब्ल्यूचे (विंडोजसाठीच्या जीसीसीचे) जुने कंपायलर अशा पाथवर अडखळतात. सी ड्राइव्हवर साध्या रोमन अक्षरांचा छोटा फोल्डर करून त्यातच काम करा.

२. नेमका कोणता कंपायलर चालतोय?

व्हीएस कोड हा कंपायलर नाही, एडिटर आहे. कोडब्लॉक्स आणि डेव्ह-सी++ हीसुद्धा वरची टरफलं, आत जीसीसी असतो. म्हणून 'माझ्याकडे व्हीएस कोड आहे' एवढ्यावरून काहीच कळत नाही. दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून या तीन आज्ञा द्या आणि उत्तरं वहीत शेजारी-शेजारी लिहा:

जीसीसी --व्हर्जन
जीसीसी -डंपमशीन
व्हेअर जीसीसी

पहिली आवृत्ती सांगते. दुसरी कंपायलर कोणत्या मशीनसाठी प्रोग्रॅम बनवतो ते सांगते. नुसतं 'मिनजीडब्ल्यू३२' आलं तर जुना ३२ बिटचा, 'एक्स८६_६४' ने सुरुवात झाली तर ६४ बिटचा. तिसरी आज्ञा कंपायलर कुठे आहे ते दाखवते. पॉवरशेलमध्ये ती 'व्हेअर.ईएक्सई जीसीसी' अशी द्यावी लागते, कारण तिथे नुसत्या 'व्हेअर'चा अर्थ वेगळा आहे. लिनक्सवर 'विच -ए जीसीसी'.

तिसऱ्या आज्ञेला एकाहून जास्त ओळी आल्या तर रोगाचं मूळ सापडलं. विंडोज पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, पहिला सापडेल तोच जीसीसी चालवतं. काही वर्षांपूर्वी कोणीतरी टाकलेला सी ड्राइव्हवरचा मिनजीडब्ल्यू फोल्डर वर असतो, आणि काल टाकलेला नवा कंपायलर खाली पडून राहतो. स्ट्रॉबेरी पर्लसारखं एखादं पॅकेजही स्वतःचा जीसीसी सोबत आणतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये जाऊन पाथमध्ये हव्या त्या कंपायलरचा बिन फोल्डर सगळ्यांत वर सरकवा. मग कमांड प्रॉम्प्ट आणि व्हीएस कोड दोन्ही पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. उघड्या खिडकीला नवा पाथ कळत नाही.

मॅकवर 'जीसीसी' टाइप केलं तरी चालतो तो ॲपलचा क्लँग हा वेगळा कंपायलर. त्यामुळे 'बिट्स/एसटीडीसी++.एच' हे हेडर तिथे मिळत नाही. ते जीसीसीचं खाजगी हेडर आहे, भाषेचा भाग नाही. लागतील ती हेडर एक एक करून लिहा.

३. भाषेचं कोणतं मानक?

सी भाषेची मानकं १९८९, १९९९, २०११ अशी येत गेली, आणि काही सांगितलं नाही तर प्रत्येक जीसीसी आपल्या मर्जीचं मानक धरतो. डेव्ह-सी++ ५.११ सोबत जीसीसी ४.९.२ येतो. तो सीसाठी मुळात १९९० च्या वळणाने चालतो, म्हणून 'फॉर'च्या कंसात 'इंट आय = ०' लिहिलं की अडतो. जीसीसी ५ पासून तीच ओळ निमूट चालते. उलट, हेडर न घेता फंक्शन वापरलं तर जुने जीसीसी फक्त वॉर्निंग देत. २०२४ च्या जीसीसी १४ पासून तो सरळ एरर आहे. जीसीसी १५ मध्ये मूळ मानक सी२३ झालं. त्यात बूल, ट्रू, फॉल्स हे भाषेचेच शब्द आहेत, त्यामुळे स्वतः 'टाइपडेफ इंट बूल' लिहिलेले जुने प्रोग्रॅम तिथे मोडतात.

उपाय एका ओळीचा आहे. दोन्हीकडे मानक स्वतः सांगा:

जीसीसी -एसटीडी=सी११ -वॉल -डब्ल्यूएक्स्ट्रा -जी बिल.सी -ओ बिल

डेव्ह-सी++ मध्ये हेच टूल्स, कंपायलर ऑप्शन्समध्ये, आणि कोडब्लॉक्समध्ये सेटिंग्ज, कंपायलरमध्ये टाकता येतं. 'वॉल' आणि 'एक्स्ट्रा' काढू नका. पुढच्या तपासण्यांतलं अर्धं काम या वॉर्निंग करतात, आणि पिवळ्या ओळी न वाचता पुढे जाण्याची सवय फार महागात पडते.

४. एक बाजू टर्बो सी++ असेल तर

टर्बो सी++ ३.० हा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा, डॉससाठीचा १६ बिटचा कंपायलर. सी++ चं पहिलं मानक १९९८ चं, म्हणजे टर्बो त्याच्याही आधीचा. ६४ बिटच्या विंडोजवर तो थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्सच्या (डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आत चालवतात. टर्बोतला प्रोग्रॅम जीसीसीवर आणताना एवढं बदला:

'आयओस्ट्रीम डॉट एच' च्या जागी नुसतं 'आयओस्ट्रीम', आणि खाली 'युजिंग नेमस्पेस एसटीडी'. 'व्हॉइड मेन' च्या जागी 'इंट मेन'. 'कोनिओ डॉट एच'ची ओळ आणि 'सीएलआरएससीआर' काढून टाका, शेवटच्या 'गेटसीएच' च्या जागी 'गेटकॅर'. 'फॉर'च्या कंसात जाहीर केलेला 'आय' टर्बोमध्ये लूप संपल्यावरही जिवंत राहतो, जीसीसीमध्ये राहत नाही. तो नंतर लागणार असेल तर लूपच्या आधी जाहीर करा.

ग्राफिक्स डॉट एचचे प्रोग्रॅम मात्र जीसीसीवर आणायचा आटापिटा करू नका. त्यासाठी मिळणाऱ्या तयार लायब्रऱ्या बहुधा ३२ बिटच्या असतात आणि ६४ बिटच्या कंपायलरशी जुळत नाहीत. एवढ्या एका विषयापुरता डॉसबॉक्समधला टर्बोच वापरा.

डॉसबॉक्समध्ये फाईलचं नाव आठ अक्षरांच्या आत ठेवा. लांब नाव कापलं जातं, आणि मग चुकून जुनीच फाईल उघडली जाते.

५. आकडे कुठे मावत नाहीत?

उत्तर चुकतं पण एरर येत नाही, अशा तक्रारींत हे कारण सगळ्यांत जास्त सापडतं, म्हणून थोडं सविस्तर.

चादरींच्या बिलाचा प्रोग्रॅम घ्या. २४० चादरी, दर १८० रुपये. नग आणि दर दोन्ही 'इंट'. जीसीसीवर बिल ४३,२०० येतं. टर्बोवर तेच बिल उणे २२,३३६ येतं. टर्बोमध्ये इंट २ बाइटचा, त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. ४३,२०० त्यापलीकडे गेले आणि ६५,५३६ वजा होऊन उणे आकडा उरला.

आता बहुतेक जण बिलाचा व्हेरिएबल 'लाँग' करतात आणि तरी उणेच येतं. कारण गुणाकार दोन इंटांमध्ये होतो. तो आधीच फुटतो, आणि फुटलेलं उत्तर मोठ्या भांड्यात ओतलं जातं. गुणाकारातच एक बाजू लाँग करावी लागते: '(लाँग) नग * दर'. छापताना टक्के-एलडी, टक्के-डी नाही.

तरीही लाँगवर डोळे झाकून विसंबू नका. ६४ बिटच्या विंडोजवर लाँग ४ बाइटचा असतो, ६४ बिटच्या लिनक्सवर ८ बाइटचा. १३ चं फॅक्टोरियल ६,२२,७०,२०,८०० आहे. लिनक्सवर ते बरोबर येतं, विंडोजवर १,९३,२०,५३,५०४ येतं. मोठ्या आकड्यांना 'लाँग लाँग' आणि टक्के-एलएलडी वापरा. टर्बोला लाँग लाँग माहीत नाही, ही त्याची मर्यादा धरून चालायची.

मिनी प्रोजेक्टमध्ये आर्डुइनो उनो (आर३ किंवा त्याआधीचा) असेल तर तिथेही इंट २ बाइटचाच आहे आणि डबल फक्त ४ बाइटचा. लॅपटॉपवर तपासलेलं गणित बोर्डवर बिघडलं तर आधी हेच बघा. रास्पबेरी पायवर आणखी एक गोष्ट: तिथे साधा 'कॅर' उणे होत नाही. गेटकॅरचं उत्तर कॅरमध्ये ठेवून ईओएफशी तुलना केली तर लूप कधीच थांबत नाही. ते उत्तर इंटमध्येच ठेवायचं असतं.

६. १५३ आर्मस्ट्राँग का नाही म्हणतो?

१ + १२५ + २७ = १५३. प्रोग्रॅममध्ये 'पॉव' वापरून घन काढला आणि बेरीज इंटमध्ये साठवली, तर ३२ बिटच्या जुन्या मिनजीडब्ल्यूवर १५२ येण्याची तक्रार सर्रास दिसते. पॉव हे अपूर्णांकाचं फंक्शन आहे. ५ चा घन १२५ ऐवजी १२५ पेक्षा केसभर कमी आला की इंटमध्ये टाकताना अपूर्णांक सरळ छाटला जातो आणि १२४ उरतात. ६४ बिटच्या कंपायलरवर अपूर्णांकांचं गणित प्रोसेसरच्या वेगळ्या भागात होतं, लायब्ररीही वेगळी असते, म्हणून तिथे सहसा दिसत नाही. पूर्णांकांच्या घातासाठी पॉव वापरूच नका, 'अंक * अंक * अंक' असा गुणाकार करा.

लिनक्सवर पॉव किंवा स्क्वेअररूट वापरून 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आला तर आज्ञेच्या अगदी शेवटी, फाईलच्या नावानंतर, '-एलएम' जोडा. आधी लिहिलं तर उपयोग होत नाही.

७. इनपुट गिळलं जातं

आकडा घेतल्यावर लगेच एक अक्षर घेताना प्रोग्रॅम न थांबता पुढे पळतो, कारण आधीचा एंटर बफरमध्ये उरलेला असतो. टर्बोवाले 'एफफ्लश(एसटीडीइन)' लिहितात. ते विंडोजच्या जुन्या कंपायलरांवर बहुधा चालतं, लिनक्सवर चालत नाही. सीच्या मानकात एफफ्लश फक्त आउटपुटसाठी आहे. स्कॅनएफमध्ये टक्के-सीच्या आधी एक स्पेस द्या, सगळीकडे चालेल. 'गेट्स' सी११ पासून भाषेतून काढलं आहे, त्याजागी 'एफगेट्स'.

८. प्रोग्रॅम आधीपासूनच चुकलेला होता का?

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर 'लॅबमध्ये बरोबर येतं' हा पुरावा बाजूला ठेवा. ते नशिबाने बरोबर येत असण्याची शक्यता मोठी आहे.

बेरजेचा व्हेरिएबल शून्य करायचा राहिला असेल तर त्या जागी मेमरीत आधी जे पडलेलं असेल ते येतं. एका मशीनवर योगायोगाने शून्य, दुसऱ्यावर भलताच आकडा. ५ जागांच्या ॲरेवर ० ते ५ लूप फिरवला तर सहावी जागा शेजारच्या व्हेरिएबलची असते. कुठे काहीच होत नाही, कुठे लूपचा आकडाच पुसला जातो आणि प्रोग्रॅम अखंड फिरत राहतो. स्कॅनएफमध्ये '&' विसरला तर प्रोग्रॅम भलत्याच पत्त्यावर लिहायला जातो. वरचा -१०७३७४१८१९ हा आकडा बहुधा अशाच चुकीचा असतो.

दुसरा आकडा, -१०७३७४१५७१, म्हणजे स्टॅक (फंक्शनमधले व्हेरिएबल ठेवायची मेमरी) भरला. मेनच्या आत १००० × १००० चा इंट ॲरे घेतला की ४० लाख बाइट झाले. लिनक्सवर स्टॅक सहसा ८ एमबीचा असतो, म्हणून चालतं. विंडोजवर मिनजीडब्ल्यू २ एमबी देतो, व्हिज्युअल स्टुडिओ १ एमबी. ॲरे मेनच्या बाहेर जाहीर करा किंवा मॅलॉकने घ्या.

परीक्षेच्या प्रश्नसंचांत दिसणारी 'प्रिंटएफ'मधली 'आय++, ++आय' ही जोडी कंपायलरगणिक वेगळी छापते. कारण तिचं उत्तर भाषेने ठरवूनच दिलेलं नाही. त्यात कोणाचा कंपायलर बरोबर, असा वाद घालण्यात वेळ घालवू नका.

अशा चुका हाताने शोधत बसण्यापेक्षा लिनक्सवर किंवा विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमध्ये '-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस,अनडिफाइन्ड -जी' लावून कंपाइल करा आणि चालवा. ॲरेबाहेर पाऊल पडलं की ओळ क्रमांकासकट थांबतो. विंडोजच्या मिनजीडब्ल्यू जीसीसीमध्ये ही सोय नाही. न भरलेले व्हेरिएबल मात्र यात सापडत नाहीत. त्यांच्यासाठी '-ओ२ -वॉल' ने कंपाइल करून वॉर्निंग वाचा.

९. ईएक्सईच्या तक्रारी

'कॅनॉट ओपन आउटपुट फाईल, परमिशन डिनाइड' आलं तर मागचा प्रोग्रॅम अजून चालू आहे. त्याची काळी खिडकी बंद करा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून थांबवा. तसं नसेल तर अँटिव्हायरसने नवी ईएक्सई अडवली आहे का ते पाहा. पूर्ण अँटिव्हायरस बंद करू नका, फक्त कामाचा एक फोल्डर वगळा.

मित्राच्या लॅपटॉपवर 'लिबएसटीडीसी++-६.डीएलएल' मागितली तर '-स्टॅटिक' जोडून पुन्हा कंपाइल करा. इंटरनेटवरून सुटी डीएलएल उतरवून सिस्टिम फोल्डरमध्ये टाकू नका. त्यातून व्हायरस तर येऊ शकतोच, शिवाय चुकीच्या आवृत्तीची डीएलएल पुढे इतर प्रोग्रॅमही बिघडवते.

१०. आता कंपायलर पुन्हा टाका

आधी जुने सगळे काढा: अनइन्स्टॉल, उरलेले फोल्डर, पाथमधल्या ओळी. 'व्हेअर जीसीसी'ला काहीच सापडत नाही इथपर्यंत साफ झाल्यावरच नवा टाका, आणि एकच टाका. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री हे काम काढू नका. त्या रात्री लॅबमध्ये जो कंपायलर आहे त्याच्यावर चालेल असा प्रोग्रॅम लिहिणं जास्त महत्त्वाचं.

११. हार्डवेअर

आपल्या प्रोग्रॅमच्या एकाच ओळीवर दर वेळी 'इंटरनल कंपायलर एरर' येत असेल तर ती कंपायलरची खरी चूक असू शकते. नवी आवृत्ती घ्या, बहुधा सुटते. पण प्रत्येक वेळी जागा बदलत असेल तर रॅम किंवा तापमानावर संशय घ्या. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर असतो, पंख्याच्या जाळीत धूळ गच्च बसलेली असते, आणि गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपला हवाच मिळत नाही. तो टेबलावर ठेवून, पहाटे थंड वेळी तेच कंपाइल करून पाहा. मग स्टार्टमध्ये 'एमडीशेड' (mdsched) टाइप करून विंडोजची मेमरी तपासणी चालवा. लिनक्सवर मोठा प्रोजेक्ट कंपाइल होताना नुसतं 'किल्ड' आलं तर रॅम खराब नाही, अपुरी पडली आहे. एका वेळी एकच फाईल कंपाइल होऊ द्या.

इथे थांबा

मेमरी तपासणीत एकही चूक निघाली तर पुढे काही करू नका. डेटाची कॉपी काढा आणि मशीन तंत्रज्ञाकडे द्या. वॉरंटीतला लॅपटॉप स्वतः उघडू नका. लॅबच्या मशीनवर ॲडमिन हक्क नसतील तर पळवाट न शोधता लॅब असिस्टंटला सांगा. प्रोग्रॅम एखाद्या मागाच्या मोटरला किंवा रिलेला जोडलेला असेल तर आकड्यांचा घोळ सुटेपर्यंत सप्लाय बंद ठेवा आणि कंट्रोल पॅनेलचं काम जाणणाऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. तिथे उणे २२,३३६ हा आकडा पडद्यावर न राहता मोटरपर्यंत जातो.

कोणाकडेही जाताना तीन गोष्टी सोबत न्या: दोन्ही मशीनवरची त्या तीन आज्ञांची उत्तरं, एररचा पहिला संदेश जसाच्या तसा (शेवटचा नको, पुढचे बहुतेक पहिल्यातूनच निघतात), आणि दोष तसाच दिसत राहील इतपत, शक्य तर वीस ओळींच्या आत छाटलेला प्रोग्रॅम.